त्या रात्री आम्ही ‘नाही’ म्हणालो

परवा इथे इंग्लंडमधल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी अवयवदानाचा मेसेज टाकला. दधीची ऋषींचं चित्र, खाली ‘मरावे परी अवयवरूपी उरावे’. भराभर हात जोडलेले इमोजी आले आणि पाच मिनिटांत हळदीकुंकवाच्या वाणाच्या चर्चेत मेसेज वर सरकून गेला. मला हात जोडता आले नाहीत. आमच्यावर ती वेळ आली होती तेव्हा आम्ही ‘नाही’ म्हणालो होतो. तीन वर्षं हे लिहायचं टाळत होते. आज लिहितेय. जाऊबाईंना आधी वाचून दाखवलंय.

भावोजी, म्हणजे माझे मोठे दीर, लेस्टरला राहायचे. ऑक्टोबर २०२२. कोजागिरी होऊन चार दिवस झाले असतील. सकाळी दाढी करताना कोसळले. मेंदूत मोठा रक्तस्राव, वय ५४. चौथ्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं की मेंदू पूर्ण थांबलाय. दोन सीनियर डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि त्या सगळ्या पुन्हा एकदा केल्या. डोळ्यांत टॉर्च मारून पाहिलं, घशात नळी घालून ठसका येतो का पाहिलं, शेवटी व्हेंटिलेटर काढून स्वतःहून श्वास घेतात का पाहिलं. नाही घेतला. पुन्हा मशीन लावल्यावर छाती वर-खाली होऊ लागली. जाऊबाईंनी हात धरला होता आणि तो हात गरम होता. गरम हात धरून ‘हे गेले’ कसं मानायचं, सांगा.

मग अवयवदानाची नर्स आली. तिने सगळ्यात आधी भावोजींच्या नावाचा उच्चार विचारला, कागदावर तुकडे पाडून लिहून घेतला आणि शेवटपर्यंत नीट केला. तिने सांगितलं की त्यांची कुठेच नोंद नाही, होकाराची नाही आणि नकाराचीही नाही. इंग्लंडमध्ये २० मे २०२० पासून कायदा बदललाय. सज्ञान माणूस इथे वर्षभराहून जास्त राहिलेला असेल आणि त्याने ‘नको’ म्हणून नोंदवलं नसेल, तर त्याची संमती धरली जाते. म्हणजे कायद्याने भावोजी दाते होते. पण इथे घरच्यांना विचारल्याशिवाय कुणी पुढे जात नाही, आणि घरचे ठाम नाही म्हणाले तर सहसा तिथेच थांबतात.

जाऊबाई म्हणाल्या, “ते हो म्हणाले असते बहुतेक. रक्त द्यायला जायचे ना.” मग म्हणाल्या, “पण आईंना विचारल्याशिवाय कसं?”

आमच्या घड्याळात रात्रीचे ११ वाजले होते, कराडला पहाटेचे साडेतीन. टिश्यूच्या खोक्याला फोन टेकवून व्हिडिओ कॉल लावला. पलीकडे ट्यूबलाइटखाली सासूबाई, चुलत सासरे, आत्या आणि शेजारचे दोघंतिघं. माझ्या नवऱ्याने रडत रडत विचारलं, “आई, दादाचे अवयव काढायचे म्हणतायत. काढू देऊ का?”

आई काय म्हणणार? “माझं लेकरू कापू नका रे.”

संपलं. त्यानंतर त्या खोलीत कुणी काही बोललं नाही. नर्सने एका शब्दानेही आग्रह केला नाही. उलट विचारलं, की मशीन काढण्याआधी तुमचा काही विधी करायचा आहे का. जाऊबाईंच्या पर्समध्ये गंगाजलाची छोटी डबी होती, त्यातलं ओठांना लावलं.

आता पुढचं ऐका. आत्याचा मुख्य मुद्दा होता की देहाला उशीर नको, जीव घुटमळतो. अवयव काढायला आणि देह ताब्यात मिळायला आणखी एक दिवस गेला असता, फार तर दीड. पण क्रिमॅटोरियमची तारीखच आम्हाला १३ दिवसांनी मिळाली! इथे राहणाऱ्यांना हे नवीन नाही. कागदपत्रं, स्लॉट, इतर शहरांतून येणारे नातेवाईक, यात एकदोन आठवडे जातातच. तेरा दिवस भावोजी शीतगृहात होते आणि त्याबद्दल कुणाला धर्म आठवला नाही. मलाही नाही.

म्हणून कुणी म्हणालं की आपले लोक धर्मामुळे देत नाहीत, तर मला ते पटत नाही. इथल्या देवळांतून कुणी विरोध करत नाही, उलट स्वामींपासून ट्रस्टींपर्यंत सगळे ‘दान करा’ म्हणतात. ‘डोळे दिले तर पुढच्या जन्मी आंधळा’ हे लहानपणी आपण सगळ्यांनी ऐकलंय, पण त्या रात्री ते कुणी म्हटलं नाही. नकार येतो तो दोन ठिकाणांहून. एक म्हणजे अविश्वास, आणि तो येड्यागबाळ्यांचा नाही. आपण किडनी रॅकेटच्या बातम्या वाचत मोठे झालोय. डॉक्टर, दलाल, खोट्या बायका उभ्या करून केलेली कागदपत्रं, हे मराठी पेपरांत किती वेळा आलंय! हे डोक्यात घेऊन माणूस इथे येतो आणि कोऱ्या करकरीत हॉस्पिटलमध्ये बसूनही त्याला वाटतं, आपल्या माणसावर पूर्ण उपचार केले ना यांनी? त्याला कुणीतरी मराठीत बसून सांगायला हवं की मृत्यू ठरवणाऱ्या डॉक्टरांचा प्रत्यारोपणाशी संबंध नसतो, आणि वाचवायची आशा असेपर्यंत दानाचा विषय काढला जात नाही.

दुसरं ठिकाण म्हणजे फोन. आपण राहतो इथे, पण घरातले मोठे निर्णय अजून तिकडे होतात. जमिनीचे, लग्नाचे आणि मरणाचेसुद्धा. त्यात वाईट काही नाही, माझ्या सासूबाईंना विचारायलाच हवं होतं. पण पहाटे साडेतीनला नाही. आणि तसं नाही.

आकडे थोडक्यात सांगते. इथे गोऱ्या कुटुंबांना विचारलं तर साधारण तीनातली दोन होकार देतात. आशियाई आणि कृष्णवर्णीय कुटुंबांत दहातली चार म्हणजे डोक्यावरून पाणी. आणि किडनीसाठी थांबलेल्यांत मात्र आपल्यासारख्या गोऱ्या नसलेल्या सगळ्यांचा मिळून वाटा जवळजवळ एक तृतीयांश. डायबेटिस आणि बीपी आपल्यात जास्त, त्यामुळे किडन्या लवकर जातात. शिवाय रक्तगट. बी गट इथल्या गोऱ्यांत दहात एखाद्याचा, आपल्यात साधारण तिघांत एकाचा. ऊतींची जुळणीही आपल्यासारख्याच माणसाशी व्हायची शक्यता जास्त. म्हणजे आपलं माणूस ज्या रांगेत उभं आहे, ती पुढे सरकायची तर बरंचसं आपल्यावरच आहे.

ही रांग मी रोज बघते. आमच्या शेजारच्या गुजराती बेन, बी पॉझिटिव्ह, आठवड्यातून तीन दिवस चार-चार तास डायलिसिसला जातात. दिवसाला जेमतेम लिटरभर पाणी, त्यात चहा आणि आमटीही धरायची. बटाटा चिरून भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकायचं, केळं नाही, शहाळं नाही, सुकामेवा नाही. एकदा त्यांनी माझी बोटं धरून स्वतःच्या दंडावर ठेवली, जिथे सुया टोचण्यासाठी शीर धमनीला जोडलेली असते. कातडीखाली सतत घरघर लागते, पाळलेलं मांजर मांडीवर झोपल्यावर लागते तशी. “आ चालू छे एटले हूं चालू छुं,” त्या म्हणाल्या. हे चालू आहे म्हणून मी चालू आहे. त्या दिवशी घरी येऊन मी बराच वेळ नळ सोडून उभी होते. भावोजींचा रक्तगटही बी होता.

मागच्या वर्षी कराडला गेले तेव्हा सासूबाईंशी बोलले. दुपारी झोपाळ्यावर बसल्या होत्या, घाबरत घाबरतच विषय काढला. कुणाला किडनी मिळते, कुणाला यकृत, टाके घालून देह व्यवस्थित परत देतात, कपडे घातल्यावर काही दिसतसुद्धा नाही, तुळस-गंगाजल सगळं करता येतं, असं सगळं सांगितलं. बेनच्या हाताचंही सांगितलं. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, “हे मला तेव्हा कोण बोललं? कापू का, एवढंच विचारलंत. कुठली आई हो म्हणेल?”

त्यांच्या या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजून नाही.

म्हणून माझं एवढंच म्हणणं आहे. नोंदणी करा, एनएचएसच्या, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या ॲपवर दोन मिनिटांचं काम आहे. सगळं द्यायचं की काही, ते निवडता येतं. ‘माझ्या श्रद्धेप्रमाणे कसं करायचं ते घरच्यांशी बोला’ असंही नोंदवता येतं, आणि हे आपल्यातल्या फार थोड्यांना माहीत आहे. पण नोंदणी करून गप्प बसू नका. नवऱ्याला किंवा बायकोला सांगून भागत नाही, कारण ऐन वेळी ती दोघं गावी फोन लावणार. त्या फोनपलीकडे जे कोण असेल, आई, थोरला भाऊ, मामा, त्याला आजच सांगून ठेवा, तुम्ही धडधाकट असताना, तुमच्या स्वतःच्या तोंडाने. आणि मंडळाच्या गणपतीत यावर कार्यक्रम ठेवलात तर नुसता डॉक्टर बोलवू नका, होकार दिलेलं एखादं घर बोलवा. नकार दिलेलं हवं असेल तर मी येते.

आमच्या घरात काय झालं ते सांगते. मी सगळ्याची नोंद केली. नवऱ्याने डोळे सोडून सगळ्याची केली. का, ते मी विचारलं नाही, त्याचं शरीर आहे. लेक १९ वर्षांची आहे, ती म्हणाली की तिने कॉलेजच्या पहिल्याच आठवड्यात केली होती, आम्हाला सांगायचं राहिलं. सासूबाईंना दोघांनी मिळून फोन केला. आता माझा भाऊ राहिलाय साताऱ्याचा, तो या विषयावर ‘काहीतरी अभद्र बोलू नकोस’ म्हणून फोन ठेवतो. रविवारी पुन्हा लावणार आहे.