नवे बेट घेताना घ्यावयाची काळजी

आपणांस समुद्रात एखादे बेट दिसले, तर ते आपल्यापूर्वी कोणी पाहिलेच नव्हते, असे सर्वप्रथम मनाशी पक्के करावे. मॉरिशसला अरब खलाशांनी दिलेले नाव १५०२ च्या पोर्तुगीज नकाशावर स्पष्ट लिहिलेले होते. पण नकाशा वाचण्यासाठी नसून पुन्हा काढण्यासाठी असतो. पोर्तुगीजांनीही बेटाला आपले एक नाव दिले, शेजारच्या बेटांसह त्या साऱ्या समूहाला पुढे गोव्यात व्हाइसरॉय झालेल्या पेद्रो मास्करेन्हसचे नाव चिकटले, आणि वस्ती मात्र कोणीच केली नाही.

नाव कोणाचे द्यावे, हा प्रश्न डच दर्यासारंग वायब्रांट व्हान वारवाइक याने १५९८ मध्ये कायमचा सोडवून ठेवला आहे. बेटाला त्याने नासाऊच्या राजपुत्र मॉरिसचे नाव दिले आणि ज्या उपसागरात जहाजे लावली त्याला स्वतःचे. राजपुत्राने त्या बेटावर कधी पाऊलही ठेवले नाही; तशी अट नसतेच. मूळ रहिवासी माणसे नसतील तर काम अधिकच सोपे होते. डच खलाशांनी डोडोला ‘किळसवाणा पक्षी’ म्हटले आणि तरीही तो खाल्ला, बरोबर उंदीर आणि डुकरे उतरवली, काळ्या, कठीण लाकडाची एबनीची झाडे तोडली, जावाहून ऊस आणला, आणि डोडो संपल्यावर १७१० मध्ये बेट सोडून दिले. निघताना झाडलोट करण्याची प्रथा नाही.

सोडलेले बेट १७१५ मध्ये फ्रेंचांनी उचलले व त्याचे नाव ‘इल द फ्रान्स’ केले. १८१० मध्ये इंग्रजांनी ते जिंकून जुने डच नाव परत आणले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बेटावरील ग्रां पोर येथे फ्रेंचांनी आरमारी लढाई जिंकली होती आणि पॅरिसच्या विजयकमानीवर ती कोरलेलीही आहे. डिसेंबरमध्ये बेट गेले, हे कमानीवर कोरण्याइतकी जागा उरली नसावी.

आता मजुरांविषयी, कारण ऊस स्वतःहून कापला जात नाही. फ्रेंचांच्या काळात मादागास्कर व आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांवर भागले. गुलामगिरी बंद करण्याची वेळ आलीच, तर भरपाई मालकांना द्यावी: मॉरिशसच्या मळेवाल्यांना वीस लाख पौंडांहून अधिक रक्कम मिळाली, आणि मुक्त झालेल्यांना ‘उमेदवार’, म्हणजे शिकाऊ कामगार, ठरवून आणखी चार वर्षे त्याच मालकांकडे राबवण्यात आले. पर्यायी व्यवस्था मात्र आधीच करून ठेवावी. १ फेब्रुवारी १८३५ रोजी गुलामगिरी संपायची होती, आणि कलकत्त्याहून निघालेल्या ‘ॲटलस’ जहाजातून ३६ गिरमिटिये, म्हणजे करारबद्ध मजूर, २ नोव्हेंबर १८३४ रोजीच पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरले होते. पुढे सुमारे साडेचार लाख आले; त्यांत मुंबई बंदरातून चढलेली कोकणातली मराठी माणसेही होती. प्रत्येकाला क्रमांक द्यावा, एक दिवस कामावर न आल्यास दोन दिवसांची मजुरी कापावी, आणि या साऱ्याला करार म्हणावे. करारावर अंगठा असतोच.

शेवटी बेट स्वतंत्र होण्याची भाषा करू लागले, तर त्यातील उपयुक्त तुकडा आधीच बाजूला काढावा. मॉरिशसला स्वातंत्र्य मिळाले १२ मार्च १९६८ रोजी. पण १९६५ मध्येच ब्रिटनने ३० लाख पौंड मोजून मॉरिशसच्या अखत्यारीतली चागोस बेटे वेगळी केली आणि त्यांतल्या सर्वांत मोठ्या दिएगो गार्सिया बेटावर अमेरिकेचा लष्करी तळ उभा राहिला. पिढ्यानपिढ्या राहणारी माणसे तेथे आढळल्यास त्यांना कंत्राटी मजूर म्हणून नोंदवावे, कारण कंत्राटी मजुराला गाव नसतो. १९७३ पर्यंत तेथील शेवटचे लोक जहाजात चढवण्यात आले. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २०१९ मध्ये चागोसवरचा हा ब्रिटिश कारभार लवकरात लवकर संपवावा असे सल्लागार मत दिले, तरी घाबरू नये; ते मत बंधनकारक नसते. आणि परत करणे भागच पडले, तर २०२५ च्या करारावर ब्रिटनने केलेली सही डोळ्यांसमोर ठेवावी: चागोसचे सार्वभौमत्व मॉरिशसला, दिएगो गार्सियाचा तळ मात्र ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने आपल्याकडे.