सूर्यकिरणची कवायत ही केवळ करमणूक नव्हे
भारतीय वायुदलाच्या हवाई कसरती करणाऱ्या सूर्यकिरण पथकावरील खर्च केवळ करमणुकीसाठी होतो, हा लेखातील सूर मला मान्य नाही. १९९६ साली बिदर येथे किरण या प्रशिक्षण विमानांवर उभे राहिलेले हे पथक २०११ मध्ये थांबवले गेले, तेही ती विमाने नवोदित वैमानिकांच्या प्रशिक्षणासाठी हवी होती म्हणून; अग्रक्रम वायुदलाने स्वतःच ठरवला होता. पुढे पुन्हा सुरू झालेल्या या पथकाचे नऊ वैमानिक आज हॉक या जेट प्रशिक्षण विमानांवर एकमेकांपासून अवघ्या काही मीटरांवर उडतात, तेव्हा त्यांची नजर शेजारच्या विमानावर खिळलेली असते आणि पथकप्रमुखाच्या सूचनेबरहुकूम सारे एकदम वळतात. रचनाबद्ध उड्डाणाची ही शिस्त प्रत्येक लढाऊ वैमानिकाला आत्मसात करावीच लागते. फेब्रुवारी २०१९ मध्ये बेंगळुरूजवळील येलहंका येथील सरावात दोन विमानांची टक्कर होऊन विंग कमांडर साहिल गांधी यांनी प्राण गमावले, याचा उल्लेख लेखात असायलाच हवा होता.