उलटलेला कोट आणि आपली गोधडी

दिवाळीची आवराआवर जवळ आली की तिकडच्या, भारतातल्या ग्रुपांवर तोच वाद रंगतो: जुन्याची गोधडी करणारे आपण, आणि वापरून फेकणारे गोरे. गोधडीचा अभिमान मलाही आहे. पण लंडनमध्ये बसून हे वाचताना चिडायला होतं, कारण यातला दुसरा भाग धादांत खोटा आहे.

अठराव्या शतकातलं इथलं साध्या माणसाचं कापड बघा. लोकरी कापड महाग, त्या मानाने शिंप्याची मजुरी किरकोळ. म्हणून कोट विटला की तो उलटून शिवत. आपल्याकडे शर्टाची कॉलर उलटून घ्यायचे, तसा अख्खा कोट! आधी बाह्या उसवायच्या, मग बाजूच्या आणि पाठीच्या शिवणी. अस्तर बाजूला ठेवायचं, धागे वेचायचे, तुकडे ओलसर करून दाबायचे आणि आतली न विटलेली बाजू वर घेऊन पुन्हा जोडायचे. खरी गोम काजांत. काजं डाव्या पुढ्याला, म्हणजे कोटाच्या पुढच्या डाव्या भागाला असत. कापड उलटलं की तो पुढा उजवीकडे जातो. मग जुनी काजं टाके घालून बुजवायची आणि डावीकडे नवी पाडायची. बुजवलेल्या काजांची ती रांग जवळून पाहिली की दिसतेच. कोपराला विरलेलं कापड मात्र उलटून सुधारत नाही, तिथे ठिगळच लागतं. आणि वेलबुट्टीच्या रेशमाला हा उपाय चालत नाही, त्याच्या मागे सुटे धागे असतात.

फॅशन बदलली तरी कोट टाकत नसत. 1740च्या सुमाराच्या कोटाला कमरेखाली भरपूर घेर आणि चुण्या असत. 1780पर्यंत घेर आटला, पुढच्या बाजूला तिरका काप आला, गळ्याला कॉलर आली. मग चुण्या उसवून निघालेल्या कापडातूनच कॉलर बेतायची. अडचण एकच: चुणीच्या आतलं कापड उन्हात विटलेलं नसतं, त्यामुळे कॉलर कोटापेक्षा गडद दिसते. कोटाच्या आतलं मांडीपर्यंतचं जाकीट कमरेपर्यंत आखूड करणं त्याहून सोपं, फक्त खिसे वर घ्यावे लागत. सुती किंवा लिननच्या (जवसाच्या धाग्याच्या कापडाच्या) पाठीला मधोमध चीर आणि नाड्या असल्या की अंग भरलं तरी जाकीट चालायचं.

लिननचे सदरे तर सगळे चौकोन-आयतांचे, बगलेतही चौकोनी तुकडा. कॉलर, मनगटपट्ट्या आधी झिजत, त्या तेवढ्या बदलायच्या. पुढे त्याच लिननमधून बाळाचे कपडे, मग चिंध्या, आणि चिंध्यांचा कागद. टॉवर ऑफ लंडन या किल्ल्याजवळच्या रोझमेरी लेनवर जुन्या कपड्यांचा बाजारच भरे. आपल्या बोहारणीला तिथे परकं वाटलं नसतं.

हे संस्कृतीमुळे नव्हे, किमतींमुळे चालायचं. कापड स्वस्त झालं, हात महाग झाले, आणि इथली उसवण-शिवण संपली. आज इथे पँटची चेन बदलायला प्रायमार्क या स्वस्त दुकानातल्या नव्या पँटएवढे पैसे जातात. लोक जुनी पँट चॅरिटी शॉपला देऊन मोकळे होतात. पुण्यातही गोधडी आता ऑनलाइन विकत घेतली जाते, हे तिकडचे लोक बोलत नाहीत.

‘आपण’ लिहिताना माझा हात हल्ली अडखळतो. इथल्या उलटलेल्या कोटाची बाजू घेतली की घरचे ‘तू आता त्यांचाच’ म्हणतात, आणि तेवढंच मनाला लागतं. पण तुमच्या गल्लीत शिंपी अजून बसतो ना? कपाटातला बाबांचा कोट त्याच्याकडे न्या. आधी आतली बाजू उजेडात धरा, कोपर तपासा, आणि शिवणीत माया (आत दुमडलेलं जास्तीचं कापड) किती आहे ते बघून घ्या.