सिनेमागृहात लाइव्ह बघितलेलं म्युझिकल हे नाटकच असतं

परवा एका मित्राने फोनवर ठणकावून सांगितलं की नाटक बघायचं तर नाट्यगृहात जाऊन, सिनेमाच्या पडद्यावर बघितलेलं नाटक हे नाटक नव्हेच, ते फार तर रेकॉर्डिंग. तो स्वतः नाटकातला माणूस आहे, त्याचं नाटकावर मनापासून प्रेम आहे, त्यामुळे फोनवर फार वाद घातला नाही. पण मला हे अजिबात पटलेलं नाही आणि का पटत नाही ते नीट सांगायचं म्हणून ही मोठी पोस्ट. वेळ काढून वाचा.

मी इंग्लंडच्या ईशान्येला, डरहॅम काउंटीत राहतो. लंडन इथून ट्रेनने साधारण तीन तास. वेस्ट एंडचं, म्हणजे लंडनच्या मोठ्या नाट्यगृहांच्या भागातलं, म्युझिकल (गाण्या-नाचाचं नाटक) बघायचं म्हणजे ट्रेनचं भाडं, वर नाटकाचं तिकीट, रात्री उशिरा परतायला गाडी नाही म्हणून राहायचा खर्च, आणि चार माणसांचं घर असेल तर हिशोब करूनच माणूस गप्प बसतो. आणि एवढं करून परवडणारी सीट कुठली तर सगळ्यात वरच्या बाल्कनीतली, जिथून नटाचं डोकं दिसतं, चेहरा नाही.

म्हणून नाट्यगृहातल्या प्रयोगाचं सिनेमागृहांत लाइव्ह प्रक्षेपण सुरू झालं तेव्हा आमच्यासारख्या लांबच्या लोकांना ती मोठीच गोष्ट होती. सुरुवात न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराने केली, ३० डिसेंबर २००६ ला मोत्झार्टचा ऑपेरा थेट सिनेमागृहांत दाखवून. मग जून २००९ मध्ये लंडनच्या नॅशनल थिएटरने अभिनेत्री हेलन मिरेनचं नाटक दाखवलं आणि एनटी लाइव्ह हा त्यांचा थेट प्रक्षेपणाचा उपक्रम सुरू झाला. म्युझिकल्सही आली, २ ऑक्टोबर २०११ ला लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमधून 'द फँटम ऑफ द ऑपेरा' या म्युझिकलचा पंचविसाव्या वर्षाचा प्रयोग थेट दाखवला होता. पण मला सांगायचंय ते २८ सप्टेंबर २०१४ च्या रविवारबद्दल. त्या दिवशी लंडनच्या व्हिक्टोरिया पॅलेस थिएटरमधून बिली एलियट द म्युझिकल ब्रिटन-आयर्लंडच्या सिनेमागृहांत थेट दाखवलं गेलं, आणि त्या वीकेंडला ब्रिटनच्या बॉक्स ऑफिसवर ते पहिल्या नंबरवर होतं. सगळ्या नेहमीच्या सिनेमांना मागे टाकून, एका प्रयोगाच्या जोरावर!

ज्यांना गोष्ट माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९८४-८५ चा ब्रिटिश खाणकामगारांचा संप. डरहॅम काउंटीतलं ईझिंग्टन नावाचं खाणीचं गाव. आई वारलेली, बाप आणि मोठा भाऊ दोघंही संपावर, आणि घरातल्या लहान मुलाला, बिलीला, बॉक्सिंगच्या क्लासऐवजी बॅलेची ओढ लागते. आधी २००० साली स्टीफन डॉल्ड्रीने सिनेमा केला, मग २००५ मध्ये त्यानेच लंडनला म्युझिकल बसवलं, लेखन आणि गाण्यांचे शब्द ली हॉलचे, संगीत एल्टन जॉनचं. म्हणजे ही आमच्या काउंटीची गोष्ट, पण ती मोठ्या थाटात चालू होती लंडनमध्ये! ज्या गावांवरून हे सगळं उभं केलं त्या गावांतल्या कितीतरी लोकांना लंडनला जाऊन ते बघणं परवडणारं नव्हतं. त्या रविवारी ती गोष्ट त्यांच्या जवळच्या सिनेमागृहात आली.

माझे आई-बाबा तेव्हा इथे आले होते, सहा महिन्यांच्या व्हिसावर. बाबा लालबागच्या गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा बाहेर पडलेल्या अडीच लाख कामगारांपैकी ते एक. तो संप अधिकृतपणे कधी मागेच घेतला गेला नाही हे तुम्हाला माहीत असेलच. बाबांना इंग्लिश जेमतेम समजतं, त्यात हे सगळे नट डरहॅमच्या बोलीत बोलणार, जी मला इथे इतकी वर्षं राहूनही कधी कधी दोनदा ऐकावी लागते. पण मी त्यांना म्हटलं, बाबा, संपाचं नाटक आहे, चला. ते लगेच शर्ट बदलायला गेले.

सिनेमागृह भरलेलं होतं आणि पॉपकॉर्न खाणारी नेहमीची गर्दी नव्हती. पांढऱ्या केसांची माणसं, त्यांच्या बायका, काहींबरोबर नातवंडं. दरवर्षी जुलैत डरहॅमला खाणकामगारांचा मोठा मेळावा भरतो, बँड वाजवत, प्रत्येक खाणीचं निशाण खांद्यावर घेऊन मिरवणूक निघते, तिथे दिसतात तसे चेहरे सगळे. पडद्यावर आधी व्हिक्टोरिया पॅलेसचं प्रेक्षागृह दिसलं, लोक आपापल्या सीटवर बसतायत, आणि त्या क्षणी तिथेही नाटक सुरू व्हायचं होतं आणि इथेही. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. आत्ता, याच वेळी, तिथे एक लहान मुलगा विंगेत उभा आहे आणि त्याचा पाय घसरला तर आपल्यालाही दिसणार आहे. हा धाक रेकॉर्डिंगमध्ये नसतो आणि हा धाक म्हणजेच नाटक, असं मी मानतो.

आणि मग हसण्याची गंमत सुरू झाली. लंडनचे प्रेक्षक हसले की ते स्पीकरमधून ऐकू यायचं. पण आमच्याकडे लोक त्यांच्या आधी हसत होते! बोलीतला विनोद, बापाने पोराला हासडलेली शिवी, आजीचा एखादा टोमणा, ते इथल्या लोकांना तोंडातून बाहेर पडताक्षणी कळत होतं, लंडनला पोचायला अर्धा सेकंद जास्त लागत होता. काही ठिकाणी लंडन खो खो हसलं आणि आमच्याकडे एकदम शांतता, कारण ते इथल्या लोकांच्या दृष्टीने हसण्यासारखं नव्हतंच. एकाच प्रयोगाला एकाच वेळी दोन वेगवेगळे प्रेक्षक होते आणि दोघांनी दोन वेगळी नाटकं बघितली. हे नाटक नाही तर काय आहे सांगा मला? घरी सोफ्यावर लॅपटॉपवर एकटं बघताना यातलं काहीही होत नाही. म्हणून माझा आग्रह सिनेमागृहाचा आहे, नुसत्या पडद्याचा नाही.

दुसऱ्या अंकाची सुरुवात संपाच्या वेळच्या पंतप्रधान थॅचरबाईंच्या नावाने बोटं मोडणाऱ्या ख्रिसमसच्या गाण्याने होते. ८ एप्रिल २०१३ ला बाई वारल्या त्या रात्री हे गाणं करायचं की नाही यावर लंडनच्या थिएटरमध्ये प्रेक्षकांचं मत घेतलं होतं आणि प्रेक्षकांनीच करा म्हणून सांगितलं. आमच्या सिनेमागृहात कुणाला विचारायची गरजच नव्हती, मागच्या रांगांमधून लोक सरळ बरोबर गात होते.

आता कॅमेऱ्याबद्दल, कारण मित्राचा खरा आक्षेप तिथे आहे आणि तो अर्धा बरोबर आहे. थिएटरमध्ये कुठे बघायचं ते मी ठरवतो, इथे दुसरं कुणीतरी माझ्या वतीने ठरवतं. साध्या नाटकात हे चालून जातं. म्युझिकलमध्ये जपावं लागतं, कारण म्युझिकलमध्ये पंचवीस माणसं मिळून एक गोष्ट सांगत असतात. सॉलिडॅरिटी नावाचं जे गाणं आहे त्यात संपकरी, पोलीस आणि बॅलेच्या क्लासमधल्या छोट्या मुली तिघेही एकाच रंगमंचावर एकाच वेळी असतात. एकीकडे पोलीस आणि कामगार एकमेकांच्या अंगावर धावून जातायत आणि त्यांच्याच मधून मुलींचा क्लास चालू आहे, कुणालाच कुणी दिसत नाही, आणि बघता बघता हेल्मेटं आणि टोप्यांची अदलाबदल होते, मुलं-माणसं सगळी एका तालात येतात. हा सगळा खेळ लांबून, पूर्ण रंगमंच एका नजरेत घेऊन बघायचा आहे. तिथे कॅमेरा मध्येच एका पोलिसाच्या चेहऱ्यावर गेला की माझा जीव तुटतो, कारण त्या दोन सेकंदांत उजव्या कोपऱ्यात काय झालं ते मला परत कधीच दिसणार नाही. असे शॉट्स आधीपासून ठरवून, कॅमेऱ्याच्या तालमी करून घेतलेले असतात, म्हणजे कुणीतरी शांतपणे विचार करून क्लोजअप ठेवलेला असतो. माझं स्पष्ट मत आहे, समूहनृत्याला कॅमेऱ्याने मागे सरकून गप्प उभं राहावं.

पण त्याच कॅमेऱ्याने जे दिलं ते मला स्टॉल्सच्या पहिल्या रांगेतही मिळालं नसतं. संतापून नाचायचा जो प्रसंग आहे, दंगल-पोलिसांच्या ढालींवर बिली स्वतःला आपटतो, तिथे टॅपच्या बुटांचा एकेक ठोका सुटा ऐकू येत होता, आणि बिलीचं काम करणाऱ्या त्या इलियट हॅनाच्या कपाळावरचा घाम, फुललेली छाती, पुढची उडी घ्यायच्या आधीचा तो एक श्वास. आजीचं काम केलेल्या ॲन एमरी, नवरा दारुडा आणि मारकुटा होता पण नाचायला गेलं की सगळं विसरायला व्हायचं असं गाताना त्यांचे डोळे आधी हसतात आणि मग थांबतात, हे वरच्या बाल्कनीतून दिसणं शक्यच नाही. आई त्या गाण्याला माझा हात धरून बसली होती. तिला एक शब्द कळला नव्हता.

आणि बाबा. नाटकात एक जागा अशी येते की बिलीला ऑडिशनला पाठवायला पैसे नाहीत म्हणून बाप संप मोडून कामावर जायला निघतो. मोठा मुलगा त्याला अडवतो. प्रेक्षागृहात चिटपाखरू हलत नव्हतं. आमच्या पलीकडे एक म्हातारे गृहस्थ बसले होते, त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. बाबा माझ्या कानाशी आले आणि म्हणाले, "ह्याला फितूर म्हणू नकोस हां. पोराची फी भरायची असली की माणूस गेटपर्यंत जातो. आमच्या चाळीतले पण गेले होते." मी त्यांना काही समजावून सांगितलेलं नव्हतं. पुढे जेव्हा संप फोडलेला एकजण पैसे द्यायला येतो आणि ते घ्यायचे की नाही यावरून वाद होतो तेव्हा बाबा मान हलवत राहिले, घ्यायला हवेत, घ्यायला हवेत. शेवटी खाणकामगार खाणीत उतरायच्या पाळण्यातून खाली जातात, अंधार, हेल्मेटवरचे दिवे समोर प्रेक्षकांकडे रोखलेले. संप हरलेला आहे. त्या म्हाताऱ्यांनी बाबांकडे बघितलं, बाबांनी त्यांच्याकडे. बाहेर आल्यावर मी ओळख करून दिली, बाबा मुंबईच्या गिरणीत होते, तिथेही ब्याऐंशीला संप झाला, आणि ते ईझिंग्टनच्याच खाणीत होते म्हणाले, १९९३ ला बंद पडेपर्यंत. दोघांनी हात मिळवले ते बराच वेळ सोडलेच नाहीत. लंडनच्या थिएटरमध्ये ही भेट झाली नसती. ते गृहस्थ लंडनला गेलेच नसते.

हो, आणि शेवटी त्या दिवसापुरतं एक खास होतं, आधीचे आणि त्यावेळचे मिळून २५ बिली एकदम रंगमंचावर आले आणि नाचले. आमच्या सिनेमागृहात लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. पडद्याला टाळ्या कशाला, असं कुणाला वाटलं नाही. एवढंच की त्या टाळ्या त्या मुलांपर्यंत पोचत नाहीत, आणि ही मात्र खरी उणीव आहे, ती मी नाकारत नाही. आपल्या संगीत नाटकाचा तर जीवच वन्समोअरमध्ये. प्रेक्षकाने मागावं आणि गायकाने त्या पदाला नवी जागा घेऊन परत द्यावं, हे पडद्यासमोर बसून होणार नाही.

तरीही माझं मत असं की हे मराठीत व्हायला हवं, आणि सगळ्यात आधी संगीत नाटकाचं व्हायला हवं. ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी शाकुंतल रंगभूमीवर आणलं, एवढी जुनी आणि एवढी आपली परंपरा, आणि आज चंद्रपूरच्या किंवा नंदुरबारच्या मुलाला चांगल्या संचातलं संगीत नाटक बघायला मिळत नाही कारण गायक, ऑर्गन, तबला, कपडेपट घेऊन एवढ्या लांबचा दौरा कुणालाच परवडत नाही. मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्रात एनटी लाइव्हची नाटकं पडद्यावर दाखवतात, लोक तिकीट काढून जातात. मल्टिप्लेक्सवाल्यांनी क्रिकेटच्या मॅचेस थेट दाखवल्या आहेत. म्हणजे तंत्र आहे, पडदे आहेत, प्रेक्षकांना सवय आहे.

बुकिंग पडेल ही निर्मात्यांची भीती मी बऱ्याचदा ऐकलीय. हीच भीती इथेही होती. नेस्टा या ब्रिटिश संस्थेने एनटी लाइव्हचा अभ्यास केला, त्यात प्रक्षेपणामुळे थिएटरचा प्रेक्षक घटल्याचं आढळलं नाही. आणि मला त्यात आश्चर्य वाटत नाही, कारण पडद्यावर एकदा आवडलं की माणसाला ते प्रत्यक्ष बघायची इच्छा होते. बाबांनी घरी येताना गाडीत पहिला प्रश्न हाच विचारला, हे लंडनचं थिएटर इथून किती लांब आहे.

तेव्हा नाटकवाल्या मित्रमैत्रिणींनो, निर्माते, गायक, व्यवस्थापक, जे कुणी हे वाचत असतील त्यांनी खाली मोकळेपणाने लिहा. अडतंय कुठे? नटांच्या मानधनाचे करार, लेखक-संगीतकारांचे हक्क, कॅमेऱ्यांचा खर्च, की मल्टिप्लेक्सवाले रविवारची वेळ द्यायला तयार नाहीत? एक नाटक, एक रविवार, महाराष्ट्रातली पाच-सहा गावं, इतकं छोटं करून बघायला कुणी तयार असेल तर इथली आम्ही मंडळी तिकिटं काढूच, शिवाय सुरुवातीच्या खर्चाला हातभारही लावू. ज्यांना खरंच रस आहे त्यांनी मला मेसेज करा.