सरळरूप दिल्यावर फलाचा प्रांत वाढत नाही : खुलासा

बेळगाव, खानापूर व निपाणी भागातील पीयूसीच्या (अकरावी-बारावीच्या) मराठी विद्यार्थ्यांमध्ये व्हॉट्सअ‍ॅपवर असा संदेश फिरतो आहे की, फलाला (फंक्शनला) आधी सरळरूप द्यावे आणि उरलेल्या राशीवरून त्याचा प्रांत, म्हणजे क्ष ला घेता येणाऱ्या किमतींचा संच, लिहावा. ही रीत चुकीची आहे. (क्ष² − ९) ÷ (क्ष − ३) यात सामाईक अवयव गेल्यावर क्ष + ३ उरते, म्हणून संदेशात सर्व वास्तव संख्यांचा संच हा प्रांत दिला आहे; परंतु मूळ फलात क्ष = ३ घेतल्यास छेद शून्य होतो, आणि ज्या अवयवाने आपण भागतो तो शून्य नाही हे गृहीत धरल्याखेरीज तो भागाकारच वैध ठरत नाही. प्रांतातून ३ वगळावाच लागतो. आलेखावर (३, ६) हा बिंदू रिकामा राहतो.

वर्गमुळांत हीच चूक अधिक फसवी असते, कारण तेथे एखादा बिंदू नव्हे, अख्खे अंतराल बदलते. √(क्ष − २) × √(क्ष − ५) यात दोन्ही मुळे वास्तव हवीत, म्हणून क्ष ≥ ५. हाच गुणाकार एका मुळाखाली लिहिला, तर क्ष = ० सुद्धा चालून जाते, कारण (−२) × (−५) = १०. नियम तोंडपाठ असलेली हुशार मुलेच बहुधा येथे फसतात.