पंधरा वर्षं झाली म्हणून गाडी भंगारात? जरा थांबा

रविवारी सकाळी नागपुरात मानेवाड्याला मोठ्या बाबांकडे (वडिलांचे थोरले भाऊ) पोचलो तेव्हा मोठी आई उलथण्याने डॅशबोर्डवरचा गणपती काढत होती. पंधरा उन्हाळे खाऊन त्याचा गोंद असा बसला होता की देव जागचा हलेना. फाटकाशी एक भंगारवाला बोनेटवर बोटं वाजवत उभा. भाव ठरला होता : 28 हजार, नगद. गाडी म्हणजे 2010 ची वॅगन-आर, एमएच 31, जेमतेम 62 हजार किलोमीटर चाललेली.

"एकदम काय झालं?" म्हटलं, तर मोठ्या बाबांनी मोबाइल पुढे केला. तोच मेसेज. माझ्याकडेही तो दोन ग्रुपवरून आला होता आणि मी वर सरकवून दिला होता. तेव्हाच उत्तर दिलं असतं तर बरं झालं असतं.

ज्यांना आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. 15 वर्षं झालेली गाडी आता बेकायदेशीर, सरकार रस्त्यावरून उचलून नेणार. एक लाख किलोमीटरनंतर इंजिन बाद. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीच्या निम्म्यावर गेला तर दुरुस्ती करणं मूर्खपणा. नवीन इथेनॉलचं पेट्रोल जुन्या गाड्या खाऊन टाकतं. म्हणून शहाण्या माणसाने आजच जवळच्या भंगारवाल्याला गाडी द्यावी, रोख घ्यावी आणि आरटीओच्या कागदांच्या नादी लागू नये.

शेवटच्या वाक्यापासूनच सुरू करतो, कारण बाकीच्यांनी फार तर पैसे जातील, याने माणूस कोर्टात जाईल. भंगारवाल्याने गाडी ओढून नेली तरी आरटीओच्या नोंदीत ती तुमचीच राहते. त्याने ती तोडली की कुणाला चालवायला विकली, तुम्हाला कळत नाही. 2018 साली सर्वोच्च न्यायालयापुढे अगदी असंच प्रकरण आलं होतं. गाडी पहिल्या मालकाने विकली, पुढे ती आणखी हातांत फिरली, पण नोंदणी कुणी बदललीच नाही. मग तिच्याखाली येऊन एक मूल गेलं. न्यायालयाने सांगितलं की कायद्याच्या लेखी मालक तोच, ज्याच्या नावावर नोंदणी आहे. भरपाईची जबाबदारी गाडी केव्हाच विकून मोकळ्या झालेल्या पहिल्या माणसावर आली. हे वाचून दाखवल्यावर मोठे बाबा भंगारवाल्याला म्हणाले, "भाऊ, नाव कमी करून देतो का तू?" तो म्हणाला, "ते कोण करते काकाजी, आम्ही तर कापून टाकतो." चर्चा तिथेच संपली.

गाडी खरंच मोडीत काढायची असेल तर सरकारमान्य स्क्रॅपिंग केंद्र असतं. तिथे डिपॉझिट सर्टिफिकेट, म्हणजे गाडी जमा केल्याचा दाखला मिळतो, त्यावर नोंदणी रद्द होते, आणि पुढे नवी गाडी घेतलीत तर तिचं नोंदणी शुल्क माफ होऊन रोड टॅक्समध्ये सवलतही मिळते. चालती गाडी कुणाला विकायची असेल तर फॉर्म 29 आणि 30 भरून नाव बदललं गेलं की नाही, ते स्वतः ऑनलाइन पाहायचं. "करून टाकतो साहेब" यावर विसंबायचं नाही.

आता ते "बेकायदेशीर". मोटार वाहन कायदा 1988 चा, त्याचं कलम 41, उपकलम 7. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षं चालते आणि तिचं नूतनीकरण करता येतं, असं त्यात सरळ लिहिलं आहे. मुदत संपायच्या आधीच्या 60 दिवसांत फॉर्म 25 भरायचा, विमा आणि पीयूसी चालू ठेवायचं, गाडी निरीक्षकाला दाखवायची. पास झाली की पुढची 5 वर्षं. पूर्वी यासाठी 600 रुपये लागत, 1 एप्रिल 2022 पासून 5000 लागतात. वरून राज्याचा पर्यावरण कर. मुदत उलटू दिली तर महिन्याला 500 रुपये दंड. हे महाग झालं आहे आणि मुद्दाम महाग केलं आहे, यात शंका नाही. पण महाग वेगळं आणि बेकायदेशीर वेगळं.

मग मोठ्या बाबांसारखा सिंचन खात्यात हयात घालवलेला, जीआर कोळून प्यायलेला माणूस फसला कसा? त्यांनी दोन पुरावे दिले. "आमच्या ऑफिसच्या जीपा नाही का गेल्या भंगारात?" गेल्या. कारण 1 एप्रिल 2023 पासून 15 वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी पुढे वाढवायची नाही, असा नियम झाला. सरकारी गाड्यांची! दुसरा पुरावा नोएडाच्या भाच्याचा. तिकडे दिल्ली आणि आसपासच्या भागात हवेच्या प्रदूषणामुळे 10 वर्षांच्या डिझेल आणि 15 वर्षांच्या पेट्रोल गाड्यांवर बंदीचे आदेश आले, सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये ते कायम केले आणि त्यावर अजून घासाघीस चालू आहे. नागपूर काही दिल्लीत नाही. मेसेज लिहिणाऱ्याने या दोन खऱ्या बातम्या आणि 2021 चं स्क्रॅप धोरण एकाच पातेल्यात ढवळलं. रस्ते वाहतूक खातं नागपूरच्याच खासदारांकडे, गडकरींकडे, त्यामुळे इथे लोकांना ते जरा जास्तच खरं वाटतं. त्या धोरणातही खासगी गाडी भंगारात जाते ती तपासणीत नापास झाली म्हणून, वाढदिवस झाला म्हणून नाही.

एक लाख किलोमीटरचं काय बोलायचं? स्टेशनवरच्या कुठल्याही टॅक्सीवाल्याला विचारा, तो हसेल. उलट कमी चाललेल्या जुन्या गाडीचा त्रास वेगळा असतो. नागपूरच्या उन्हात उभ्या गाडीचं रबर मरतं. होजपाइप, बेल्ट, बुश, टायर, सगळं चिरतं, मीटर काहीही म्हणो. आमच्या मिस्त्रीने इंजिनआधी टायरच्या कडेचा आकडा पाहिला : 2317. म्हणजे 2017 च्या 23 व्या आठवड्यात बनलेला. नक्षी नव्यासारखी, पण नखाने दाबलं तर कडेला केसाएवढ्या भेगा. या टायरांवर समृद्धी महामार्गाला लागलात तर मात्र देवच राखो.

मग त्याने डिपस्टिक, म्हणजे तेल मोजायची पट्टी ओढून पांढऱ्या फडक्यावर पुसली. तेल काळं, पण दुधाळ नाही, म्हणजे त्यात पाणी शिरलेलं नाही आणि हेड गॅस्केट (इंजिनात पाणी आणि तेल वेगळं ठेवणारं पॅकिंग) शाबूत. सायलेन्सरमधून निळा धूर नाही, म्हणजे इंजिन ऑइल पीत नाही. खाली शिरून त्याने सांध्यांवर पान्याने ठोकून पाहिलं. गंज वरवरचा निघाला. "खालचा पत्रा सडला असता ना, तर मीच म्हटलं असतं विका म्हणून," तो म्हणाला. इंजिन बांधता येतं, सडलेला सांगाडा नाही. मेसेजमध्ये एवढी एक कामाची गोष्ट असायला हवी होती, तीच नेमकी नाही.

त्याचा हिशेब : क्लच 7500, रेडिएटर आणि पाइप 5500, पुढचं सस्पेन्शन 6000, चार टायर 14,000, ऑइल-मजुरी 4000. एकूण 37,000. बाजारात या गाडीचे सत्तरेक हजार येतील. म्हणजे मेसेजच्या "निम्म्या किमती"च्या नियमात आम्ही मूर्ख ठरलो.

हा नियम मला सगळ्यात जास्त खुपतो, कारण तो शहाणपणाचा आव आणतो. दुरुस्ती न केल्याने गाडीची गरज काही संपत नाही. मोठ्या आईला दर पंधरा दिवसांनी धंतोलीच्या दवाखान्यात जावंच लागतं. मग 37,000 ची तुलना करायची कशाशी? दुसऱ्या गाडीवर जे जाईल त्याच्याशी. 5 लाखांचं कर्ज, 9 टक्के, 5 वर्षं : हप्ता 10,379 रुपये. म्हणजे सगळी दुरुस्ती चार हप्त्यांच्या आत बसली. गाडी फक्त एक वर्ष जरी नीट चालली तरी पैसे वसूल. वर नव्या गाडीचा मोठा विमा, आणि पाच वर्षांत विमा कंपनीच्याच तक्त्याप्रमाणे तिची किंमत निम्मी. "पण नवी ॲव्हरेज चांगलं देते" असं कुणी म्हणेलच. हे दोघं वर्षाला 3000 किलोमीटर फिरतात. लिटरला 14 ऐवजी 20 मिळाले, पेट्रोल 105 रुपये धरलं, तरी वर्षाचे पावणेसात हजार वाचतील. त्यात एक हप्तासुद्धा निघत नाही.

इथेनॉलच्या मुद्द्यात तथ्य आहे, नाइलाजाने मान्य करतो. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा साधारण एक तृतीयांशाने कमी, त्यामुळे 20 टक्के मिश्रणात ॲव्हरेज थोडं पडणारच, आणि 2010 ची गाडी काही त्यासाठी बनलेली नव्हती. जुन्या गाड्यांतले काही रबरी भाग लवकर बदलावे लागतील. पण त्याला रबर बदलतात, गाडी नाही. इथेनॉल ओलावा ओढतं, म्हणून टाकी भरून गाडी महिनाभर झाकून ठेवू नका, आठवड्यातून एकदा तरी चालवा.

आणखी एक गोष्ट मान्य करायला हवी, मेसेजने ती काढलीच नाही तरी. या गाडीत एअरबॅग नाहीत, जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारं एबीएस नाही. आज कुठल्याही नव्या गाडीत ते असतंच. मी रोज वर्धा रोडने हायवेला लागणारा असतो, घरात लहान मुलं असती, तर वरचा सगळा हिशेब बाजूला ठेवून गाडी बदलली असती. सप्टेंबर 2025 पासून लहान गाड्यांवरचा जीएसटी 18 टक्क्यांवर आला आहे, तेव्हा ज्याला खरंच बदलायची आहे त्याला वेळही बरी आहे. मोठे बाबा तिसऱ्या गिअरच्या वर क्वचितच जातात. मुलगी रामटेकला न्यायची असली की सरळ टॅक्सी करतात.

क्लच आणि टायर झाले. गिरीपेठच्या आरटीओत गाडी दाखवायची आहे, त्याआधी पीयूसी काढायचं आहे. गणपती अर्धा उखडलाच होता, तो मोठ्या आईने परत दाबून बसवला, पण आता जरा डावीकडे कललेला आहे. एसीचं मात्र ठरलं नाही. मिस्त्री कॉम्प्रेसरचे वेगळे 16 हजार सांगतो आणि मोठे बाबा म्हणतात, काच खाली केली की झालं. त्यांना परत मे महिन्यात विचारीन, दुपारी दोन वाजता, गाडीतच.