बहिरी पावत नाही

आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात भैरी नवसाला पावतो. बहिरी पावत नाही. त्याच्या एका फोटोपायी तीन हिवाळे हर्णैच्या किनाऱ्यावर वाया घालवून सांगतो आहे.

बहिरी म्हणजे बहिरी ससाणा. कान शाबूत असतात त्याचे. अरबीत 'बह्र' म्हणजे समुद्र, त्या समुद्राचा तो बहिरी. थंडी पडली की उत्तरेकडून येतो, किनाऱ्यावरची चिखल्या-तुतारीसारखी पाखरं आणि पारवे खाऊन अंग धरतो आणि उन्हाळा लागला की परत जातो. थोडक्यात चाकरमानीच; फक्त गणपतीला येत नाही.

सूर मारताना याचा वेग ताशी ३०० किलोमीटरच्या पुढे जातो. म्हणजे सेकंदाला ८३ मीटर. आता माझी बाजू ऐका. माझी लेन्स ६०० मिलिमीटरची, वजन दोन किलो, किंमत आमच्या हिच्या हिशेबात एक फ्रीज आणि अर्धं वॉशिंग मशीन. पन्नास मीटरवर या लेन्समधून जेमतेम दोन मीटर रुंदीचं जग दिसतं. सुरात असलेला ससाणा ते एका सेकंदाच्या चाळिसाव्या भागात ओलांडतो. मला पापणी लवायलाच त्याच्या चौपट वेळ लागतो. आणि माझी पापणी नेमकी तेव्हाच लवते.

शिवाय ही लेन्स सांभाळणं म्हणजे घरात बाळंतीण सांभाळणं. इथल्या खाऱ्या दमट हवेत काचेला बुरशी धरते, म्हणून तिला सिलिका जेलच्या पुड्यांसकट हवाबंद डब्यात ठेवावं लागतं. घरात तसा डबा एकच होता. त्यामुळे आमच्याकडे लेन्स कोरडी आणि पापड सादळलेले, अशी परिस्थिती आहे. या विषयावर जेवताना बोलायचं नाही असं ठरलंय.

तर आधी घारींवर हात बसवावा म्हटलं. हर्णै बंदरात मासळीचा लिलाव सुरू झाला की ब्राह्मणी घारी गोळा होतात. माथा-छाती पांढरीशुभ्र, बाकी अंग विटकरी. मी रोज दुपारी चारला हजर. शटर सेकंदाच्या अडीच हजाराव्या भागावर, खांदा आखडलेला, कपड्यांना बोंबलाचा वास. घारीमागे भगभगीत आभाळ असलं की कॅमेरा आभाळाला दिपून उजेड कमी करतो, आणि घारीचा कावळा होतो. म्हणून आपण उजेड वाढवावा, तर पांढरा माथा पांढऱ्या ढगात विरून घार बिनडोक होते. दहा दिवसांत १४०० फोटो निघाले. त्यांत शेपट्या १३००.

शेवटी टोपलीवाल्या एका मावशींना राहवेना. "काय वं गुरुजी, रोज घारींची ढुंगनं काय काढताव?"

म्हटलं, "मावशी, त्या तोंडच दाखवत नाहीत."

"दाखवतील कशी? दुपारचा वारा दर्यावरनं येतो. पाखरू वाऱ्याला तोंड देऊन उठतं नि वाऱ्याला तोंड देऊनच बसतं. तुमी उभे जमिनीवर. सकाळचे या, वारा उलटा असतो."

मी भूगोलाचा शिक्षक. दिवसा समुद्राकडून येतात ते खारे वारे, रात्री जमिनीकडून जातात ते मतलई वारे, आकृतीसह स्पष्ट करा: हा प्रश्न मी एकतीस वर्षं घातला आणि आकृतीत बाण उलटा काढला म्हणून कितीतरी पोरांचे गुण कापले. मावशी सुरमईचे तुकडे करत होत्या. मी मान खाली घालून दोन तुकडे घेतले, भाव न करता.

दुसऱ्या दिवसापासून पहाट. अंगात कानटोपीसकट सगळं, आणि दीपगृहवाल्या कनकदुर्गाखाली खडकांत बैठक. सूर्य पाठीशी, वारा पाठीशी, समोर समुद्रात सुवर्णदुर्ग. आठवडाभर बहिरीचा पत्ता नाही. आठव्या दिवशी मात्र साहेब समोरच्या खडकावर येऊन बसले. काळसर डोकं, गालावर मिशीसारखा पट्टा, चेहऱ्यावर तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याचा भाव.

शिकारी पक्षी उडण्याआधी बहुधा शिटतो. प्रवासाला निघताना आपण जाऊन येतो, तसंच. पक्ष्यांचे फोटो काढणारे सारे याच क्षणाकडे डोळे लावून बसतात. चांगल्या घरची शिकलेली माणसं, पण त्यांची एकाग्रता तिथे असते. मीही चाळीस मिनिटं दोन किलो डोळ्याला लावून ससाण्याच्या पोटाला आराम पडण्याची वाट पाहत होतो. हात थरथरू लागले. दोन कोळी येऊन पाहून गेले. "मास्तर श्वास घेतोय ना?" असं एकाने दुसऱ्याला विचारल्याचं ऐकू आलं.

आणि झालं! पांढरी पिचकारी उडाली, पंख उघडले, आणि मावशींच्या शास्त्राप्रमाणे तो वाऱ्याला तोंड देऊन सरळ माझ्याकडे उठला. मी बटण दाबलं ते सोडलंच नाही. धडधडधड बत्तीस फोटो.

घरी येऊन पाहतो तर कॅमेऱ्याच्या ऑटोफोकसने पहिल्याच फोटोनंतर ससाण्याला सोडून मागचा सुवर्णदुर्ग धरला होता. किल्ला पळत नाही, हे त्या यंत्रालाही कळलं असावं. तटाचा चिरा न् चिरा स्पष्ट, फटींत उगवलेली झुडपंसुद्धा मोजून घ्या. १७५५ साली इंग्रजांच्या कमोडोर जेम्सने या तटावर तोफा डागल्या, त्यानंतर त्याच्यावर इतका अचूक नेम कुणाचा लागला नसेल.

फोटो वाया गेला नाही म्हणा. गावातल्या पतसंस्थेने तो कॅलेंडरवर छापला, 'आपला सुवर्णदुर्ग' म्हणून. खाली बारीक अक्षरात माझं नाव आहे. वर उजव्या कोपऱ्यात एक करडा फरकाटा आहे, तो बहिरी. हे मला ठाऊक आणि बहिरीला.

कॅलेंडर आमच्या स्वयंपाकघरात, दुधाचा हिशेब लिहायला लावलंय. परवा चहा घेत होतो, तर ही ओलं फडकं घेऊन तो कोपरा जोर लावून पुसत होती.

"अहो, हा डाग कसला हो? निघतच नाही मेला."